शिवून गेले

मित्रांनो, मी वही आहे, पण एका कागदाची नाही. माझी पहिली सोळा पाने चित्रकलेच्या जाड कागदाची आहेत, पुढची चौकटींची, मग आखीव, आणि शेवटची इतकी पातळ की पलीकडचे अक्षर अलीकडे दिसेल. मी उरल्यासुरल्या कागदांची वही आहे. मला एका बाइंडरांनी स्वतःसाठी बांधले. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तके बांधली, त्यांनी स्वतःसाठी बांधलेली ही एकच वही.

मला टेबलावर ठेवून हात काढलात, तर मी आपोआप एका ठिकाणी उघडते. तिथे माझा कणा मोडला आहे. कृपा करून आत्ता तिथे जाऊ नका. पहिल्या पानापासून या.

पान १

बाइंडरांचे दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढचे दार रस्त्यावर उघडायचे आणि मागचे त्यांच्या स्वयंपाकघरात. मध्ये चाक फिरवून आवळायचे दाबयंत्र, कागद कापायचे अवजड यंत्र, खळीचा डबा, आणि भिंतीला टेकलेले पुठ्ठे. लोक जीर्ण पुस्तके घेऊन यायचे, कचेरीतल्या फायली, परीक्षेचे प्रबंध. बाइंडर कागदांच्या घड्या घालायचे, एकेक घडी सुईदोऱ्याने पुढच्या घडीला शिवायचे, कण्याला खळ चोपडायचे आणि दाबाखाली ठेवायचे. शिवणे हा शब्द त्यांच्या तोंडी दिवसातून पन्नासदा यायचा. गिऱ्हाईक दारात दिसले की म्हणायचे, "शिवून झालंय, पुठ्ठा राहिलाय." बायकोने जेवायला हाक मारली की म्हणायचे, "एवढं शिवून येतो."

त्यांना एकच लेक. ती परिचारिका झाली, समुद्रापलीकडच्या एका शहरात नोकरीला गेली आणि तिथल्याच एका बसचालकाशी तिने लग्न केले. लग्न आईबापांनी फोटोत पाहिले. फोटोत जावई इतका उंच होता की लेकीचे डोके त्याच्या कोपराला टेकत होते. त्याला इंग्रजीशिवाय काही येत नव्हते आणि बाइंडरांना इंग्रजी येत होते ते पुस्तकांच्या पाठीवर सोनेरी अक्षरे उमटवण्यापुरते.

पहिल्या रविवारी फोनवर जावई म्हणाला, "हाऊज इट गोइंग?"

बाइंडरांना "गोइंग" तेवढे कळले. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि ठामपणे सांगितले, "नो गोइंग. ऑल हिअर."

पलीकडे लेक इतकी हसली की तिला खोकला आला. मग तिने दोघांच्या मध्ये उभे राहून इकडचे तिकडे आणि तिकडचे इकडे केले. फोन ठेवल्यावर बाइंडरांनी खळीचा डबा बाजूला सारला. मग बायकोला म्हणाले, "सासऱ्यानं जावयाशी बोलायला लेकीला दुभाषी का ठेवायचं? मला त्याच्याशी मधल्या माणसाशिवाय बोलायचंय."

बायको म्हणाल्या, "तीस वर्षांत माझं बोलणं कळलं नाही तुम्हाला. त्यांचं कळायला किती लागतील, हिशेब करा."

या बाइंडरीणबाई. गल्लीत त्यांना सगळे असेच म्हणत. घड्या घालण्यात त्यांचा हात नवऱ्यापेक्षा साफ होता. माझ्या घड्या त्यांनी घातल्या. शिलाई त्यांची, पुठ्ठा आणि निळे कापड त्यांचे, असे बाइंडर कोणालाही सांगत नसत, पण मला माहीत आहे. बाइंडरांनी फक्त कण्याला खळ लावली आणि पहिल्या पानावर लिहिले: बोलण्यातले इंग्रजी.

पान ९

हाऊज इट गोइंग — कसे काय चालले आहे. (कुठेही जात नाही.)

टाइड अप — कामात अडकलेला. कोणी बांधलेले नसते.

ऑल इअर्स — सगळा कान. म्हणजे लक्ष देऊन ऐकतो आहे.

मित्रांनो, माझ्यात लिहिण्याची एक रीत होती. रविवारी फोन यायचा. बाइंडर तो मोठ्या आवाजावर लावून माझ्याशेजारी ठेवायचे. जावई जे बोलेल त्यातले न कळलेले ते जसे ऐकू येईल तसे उतरवून घ्यायचे आणि पुढे स्वतःच्या अटकळीने पेन्सिलीत अर्थ लिहायचे. गुरुवारी छापखान्यातून मुद्रितशोधक बांधणीचे काम घेऊन यायचा. वर्षानुवर्षे प्रुफांवर वाकून त्याच्या पाठीला असा बाक आला होता की गल्लीने त्याचे नाव स्वल्पविराम ठेवले होते. तो पेन्सिलीच्या ओळींपुरती माझी पाने चाळायचा, अटकळी वाचून हसायचा आणि खरा अर्थ सांगायचा. मग बाइंडर पेन्सिल खोडून शाईने लिहायचे. पेन्सिल म्हणजे वाटते. शाई म्हणजे ठरले.

"टाइड अप"चा अर्थ बाइंडरांनी पेन्सिलीत काय लिहिला होता, तर: कोणीतरी बांधून ठेवले होते. त्या रविवारी ते दिवसभर अस्वस्थ होते. संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन करून दबक्या आवाजात विचारले होते, "त्यांच्या बस डेपोत मारामाऱ्या होतात का गं?"

ते माझे सुखाचे दिवस होते. खळीचे बोट लागून माझे कोपरे कडक झाले होते. बाइंडर मला काखेत मारून हिंडायचे. गिऱ्हाईक सुट्टे पैसे मोजत असले की त्याला ऐकवायचे, "नो वरीज." आपलेही काही जावयाला द्यावे म्हणून ते मराठीचे इंग्रजी करायचे. पुन्हा तसे करणार नाही, कानाला खडा, हे त्यांनी त्याला "स्टोन टु इअर" असे सांगितले. जावयाला ते इतके आवडले की पुढे त्याच्या डेपोतले चालक एकमेकांना तसेच म्हणू लागले, असे लेक सांगायची. बाइंडरांची मान ताठ व्हायची. आपण केलेला माल परदेशात खपतो आहे, असा तो ताठा होता.

पान ४१

कीप मी पोस्टेड — पत्र पाठवत जा.

हे शाईने लिहिले आहे. अगदी पहिल्यापासून शाईने. त्याचे असे झाले की बाइंडरीणबाईंचा गुडघा धरला होता. फोन ठेवता ठेवता जावई म्हणाला, आईंच्या गुडघ्याचे काय होते ते, "कीप मी पोस्टेड." बाइंडरांना यात विचारण्यासारखे काही वाटले नाही. पोस्ट कोणाला कळत नाही? गुरुवारची वाट न पाहता त्यांनी शाईने लिहून टाकले आणि सोमवारी एक कार्ड टपालात टाकले: नी इज बेटर. पुढच्या सोमवारी दुसरे: नी इज सेम. मग त्यांना सवयच लागली.

एकदा बाइंडर बाहेर गेले असताना लेकीचा फोन आला. आई दुकानात घड्या घालत बसली होती. लेक म्हणाली, "आई, त्या पोस्टेडचा अर्थ फोनवर कळवत राहा, एवढाच होतो गं. पण बाबांना सांगू नकोस. हे दर आठवड्याला दाराशी उभे असतात टपालवाल्याची वाट बघत. मी यांना बजावलंय, बाबांची चूक कोणी दुरुस्त करायची नाही. फार गोड आहे ती."

बाइंडरीणबाई म्हणाल्या, "मी कशाला सांगू? तेवढाच आठवड्यातून एकदा बाहेर जातो माणूस."

मला हे ऐकून आनंद झाला होता. माझ्यातली एक चूक कोणाला गोड वाटते, हे वहीला मोठे कौतुक असते. त्यात काही बिघडेल असे मलाही वाटले नाही. मी तरी कसे म्हणणार? इंग्रजी मला तेवढेच कळते, जेवढे माझ्यात लिहिले जाते.

पान ११२

आता आपण त्या ठिकाणी आलो.

लेकीच्या छातीत संसर्ग झाला. मंगळवारी तिला रुग्णालयात ठेवले, तिच्याच रुग्णालयात, तिच्याच मैत्रिणींच्या देखरेखीखाली. बुधवारी ती स्वतः फोनवर बोलली. दर दोन शब्दांनी थांबत होती. "काळजी करू नका. चार दिवस. आराम. होईल." बाइंडर त्या दिवशी उगाच जुनी अवजारे पुसत बसले. गुरुवारी फोन आला नाही. स्वल्पविराम येऊन गेला, त्याला विचारण्यासारखे काही नव्हते.

शुक्रवारी भर दुपारी फोन वाजला. बाइंडरांचे हात खळीने भरलेले होते. त्यांनी ते पुसले, फोन मोठ्या आवाजावर लावला आणि माझ्याशेजारी ठेवला. जावयाचा आवाज नेहमीचा नव्हता. घोगरा होता, घाईचा होता. लेक मध्ये नव्हती. पहिल्यांदाच सासरा आणि जावई मधल्या माणसाशिवाय बोलत होते.

जावई काय काय बोलला. डॉक्टर हा शब्द दोनदा आला. मग तो म्हणाला, "इट्स टच अँड गो, बाबा. टच अँड गो."

बाइंडर मान डोलवत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होताना मी पाहिला. टच कळते. गो कळते. आपल्यात म्हणत नाही का, दुखणे शिवून गेले? लागले, पण मुक्कामाला राहिले नाही. हात लावून निघून गेले. शिवणे हा त्यांचाच शब्द. तो त्यांना शोधावा लागला नाही, जिभेवरच होता.

मागच्या दारात बाइंडरीणबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. फोनची घंटा ऐकून हातातले टाकून आल्या होत्या. पदराला हात पुसत होत्या.

जावई म्हणाला, "डू यू वाँट टु टॉक टु हर? आय कॅन होल्ड द फोन टु हर इअर."

हे बाइंडरांना पूर्ण कळले. तिच्याशी बोलायचे आहे का, मी फोन तिच्या कानाशी धरतो. त्यांनी दाराकडे पाहिले. बायकोने एक पाऊल पुढे टाकले. बाइंडरांनी हाताने बायकोला थांबवले आणि मोठ्या समजूतदारपणे म्हणाले, "नो, नो. लेट हर रेस्ट. वुई टॉक संडे."

 जावयाने विचारले, "आर यू शुअर?"

"येस, येस. शुअर." आणि जावयाचा घोगरा आवाज ऐकून त्याला धीर द्यावा म्हणून, "नो वरीज."

फोन बंद झाला.

बाइंडरीणबाईंनी विचारले, "काय म्हणाले?"

"शिवून गेलं म्हणाले. आता भीती नाही."

"मग द्यायचा ना मला. दोन शब्द बोलले असते."

"झोपू दे तिला. रविवारी बोल मनसोक्त."

बाईंनी सुस्कारा सोडला आणि त्या आत गेल्या. बाइंडरांनी मला ओढून घेतले, पेन उघडले आणि शाईने लिहिले:

टच अँड गो — शिवून गेले. थोडक्यात निभावले.

मित्रांनो, ती शाई वाळेपर्यंत मीही खूश होते.

शनिवारी सकाळी दुकानाचे दार उघडत असतानाच फोन आला. जावई म्हणाला, "शी इज गॉन."

बाइंडरांनी विचारले, "गॉन होम?"

घरी गेली का, असे त्यांना विचारायचे होते.

पलीकडून खूप वेळाने आलेला शब्द माझ्यात कुठेच नव्हता. तो कधी लिहायची वेळ आली नव्हती. पण तो बाइंडरांना कळला. दाबयंत्राचे चाक धरून ते खाली बसले.

पान ११४

(कोरे.)

पान ११५

(कोरे. कोपऱ्यात खळीचा अंगठा.)

पुन्हा पान ११२

दोन महिने मला कोणी हात लावला नाही. जावयाचे फोन रविवारी यायचे. बाइंडर "येस", "नो", "ओके", "बाय" एवढेच बोलायचे. दुःखात माणूस दुसरे काय बोलणार?

मग एका गुरुवारी स्वल्पविराम एका ग्रंथाची बांधणी न्यायला आला. पुठ्ठा अजून ओला होता, म्हणून त्याला थांबावे लागले. मोकळे बसणे त्याला जमत नसे. त्याने फळीवरून मला काढले, खिशातली लाल पेन्सिल काढली आणि चाळू लागला. चूक दिसली की त्याचा हात आपोआप चालायचा, तो काही माझा दोष काढत नव्हता. त्याने सात चुका दुरुस्त केल्या. एकेचाळिसाव्या पानावर "पत्र पाठवत जा" यावर रेघ मारून "कळवत राहा" असे लिहिले आणि गालातल्या गालात हसला. एकशे बाराव्या पानावर "शिवून गेले. थोडक्यात निभावले" यावर रेघ मारली आणि बाजूला नीट अक्षरात लिहिले:

जगते की जाते, सांगता येत नाही.

पेन्सिल खिशात ठेवून तो म्हणाला, "गड्या, पोस्टेडचा तू भलताच अर्थ लावला होतास. आणि इथं हा टच अँड गो. हे दोन्ही मला दाखवले नाहीस वाटतं?"

बाइंडर जवळ आले. त्यांनी चष्मा वर केला, पान वाचले. पुन्हा वाचले.

"हे नक्की?"

"शंभर टक्के. डॉक्टर लोक म्हणतात असं, पेशंट अगदी काठावर असला की. का रे? कुठं वापरलंस की काय?"

"नाही," बाइंडर म्हणाले. "वापरलं नाही."

स्वल्पविराम गेल्यावर त्यांनी खळीचा डबा घेतला. एकशे बाराव्या पानाला कडेपासून कडेपर्यंत खळ लावली. एकशे तेरावे त्यावर दाबले. मला दाबयंत्रात घातले आणि चाक इतके आवळले की माझ्या शिलाईचा एक दोरा तुटला. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून दोरा तुटलेला मी पाहिला नव्हता.

पाने ११२–११३

(चिकटलेली.)

त्यानंतर बाइंडर रविवारी फोन उचलेनासे झाले. फोन वाजत राहायचा आणि ते कागद कापायचे यंत्र चालवायचे. बाइंडरीणबाईंनी विचारले की म्हणायचे, "लाइन नीट नसते." पुढे फोन येणेच थांबले. बाई एकदा म्हणाल्या, "लेक गेली, तसे जावईही गेले म्हणायचे." बाइंडर कागद कापत राहिले. फोन न उचलण्याचे कारण माझ्या पोटात होते. मला दोन पानांची जाडी बोचत होती.

मला फळीवरून काढून कपाटामागे टाकले. धूळ बसली. झुरळांना खळ आवडते. माझा खालचा कोपरा त्यांनी कुरतडला तो तेव्हाच.

वर्ष होत आले असेल. जावयाचे पत्र आले. बाइंडर बाहेर होते, म्हणून ते बाइंडरीणबाईंच्या हातात पडले. संध्याकाळी त्यांनी ते नवऱ्याला दिले. बाइंडरांनी एक नजर टाकली आणि खिशात कोंबले. "विशेष काही नाही. घर बदलतोय, नवा नंबर दिलाय."

एवढ्या ओळी घर बदलायला लागत नाहीत, हे बाईंना कळायला इंग्रजी येण्याची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी सदरा धुवायला घेताना त्यांनी पत्र काढून घेतले आणि त्या सरळ छापखान्यात गेल्या. स्वल्पविरामाने ते त्यांना मराठीत वाचून दाखवले. तो घाबरत घाबरत वाचत होता, असे बाईंनीच नंतर सांगितले.

त्या छापखान्यातून परत आल्या त्या पुढच्या दाराने, गिऱ्हाइकासारख्या. पत्र त्यांनी दाबयंत्रावर ठेवले.

"अहो, यात लिहिलंय, की त्या शुक्रवारी तुम्ही तिच्याशी बोलायला नको म्हणालात. वर्षभर ते स्वतःला समजावत होते, की रागावायचं नाही. तिनं त्यांच्याशी लग्न केलं म्हणून तुम्ही मनात अढी धरली होती का, असं विचारलंय. मरणाऱ्या लेकीशीसुद्धा बोलावंसं वाटलं नाही, एवढी." त्यांनी पत्र पुढे सरकवले. "त्यांनी विचारलं होतं? फोन कानाशी धरतो म्हणून?"

"हो."

"आणि मी दारात उभी होते."

"हो."

बाइंडर उठले. कपाट पुढे ओढून त्यांनी मला बाहेर काढले, धूळ झटकली. पाण्यात बुडवलेली चिंधी घेतली आणि चिकटलेल्या पानांच्या कडेवरून फिरवू लागले. जुनी खळ भिजायला वेळ लागतो. बाई उभ्या होत्या, घाई करत नव्हत्या. पाने सुटताना अर्धे एकशे तेरावे पान एकशे बाराव्यालाच चिकटून राहिले, पण ती ओळ वाचता येत होती. माझा कणा मोडला तो तेव्हा.

बाइंडरीणबाईंनी पान वाचले. आधी नवऱ्याचे शाईतले अक्षर, मग त्यावरची लाल रेघ, मग बाजूचे.

"हे कधी कळलं तुम्हाला?"

"दोन महिन्यांनी."

"आणि त्यांचा फोन उचलेनासे झालात." बाईंनी त्या शब्दांवरून बोट फिरवले, ओल्या कागदाचा लगदा बोटाला लागला. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि बराच वेळ रडल्या. बाइंडरांना काय करावे कळेना. त्यांनी चिंधी पिळली, पुन्हा पिळली.

डोळे पुसून बाई म्हणाल्या, "तुम्हाला कळलं नाही. एवढंच ना? मग तसं सांगा त्यांना."

"कसं सांगू?"

"मला काय विचारता? एवढी वही भरलीत. असेल त्यात."

आणि मित्रांनो, बाइंडर खरोखर मला चाळू लागले. पहिल्या पानापासून. कसे काय चालले आहे, होते. सगळा कान, होते. काळजी नको, होते. कामात अडकलेला, आजचे काम पुरे, पुन्हा भेटू, धीर धरा, सगळे होते. बोट फिरवत ते माझ्या शेवटच्या लिहिलेल्या पानापर्यंत गेले आणि परत आले. मला समजले नाही, हे माझ्यात कुठेही नव्हते. एवढ्या वर्षांत ते वाक्य त्यांना लागलेच नव्हते. जिथे लागायचे तिथे त्यांनी "येस, येस" वापरले होते.

शब्द त्यांना येत होते. ते मुलेसुद्धा शाळेत शिकतात. त्यांनी पत्रातला नवा नंबर लावला आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"हॅलो?"

बाइंडर म्हणाले, "आय डिड नॉट अंडरस्टँड."

"सॉरी? हू इज धिस?" मग आवाज बदलला. "बाबा?"

"दॅट फ्रायडे. यू से टच अँड गो. आय थिंक, शी इज गुड. आय थिंक, फीव्हर टच, अँड गो अवे." त्यांनी हाताने हवेत दाखवले, जसे ते पलीकडे दिसणार होते. "आय डिड नॉट अंडरस्टँड. आय से येस येस. आय डिड नॉट अंडरस्टँड."

 मग जावई तुटक तुटक बोलू लागला. यावेळी त्याने एकही वाक्प्रचार वापरला नाही. लहान लहान शब्द, एकेक सुटा. बाइंडर मध्ये मध्ये त्याला थांबवत होते. "स्लो. अगेन." एक वाक्य त्यांनी तीनदा ऐकून घेतले. मग फोनवर हात ठेवून ते बायकोकडे वळले.

"तिनं विचारलं होतं, आईबाबा फोनवर आहेत का."

बाई खुर्चीवरून उठल्या.

"आपण नको म्हणालो, हे त्यानं तिला सांगितलं नाही. तो म्हणाला, तिकडे रात्र आहे. दोघं झोपलेत. तिला वेळेचं भान नव्हतं, तिला ते खरं वाटलं. ती म्हणाली, मग उठवू नकोस."

बाइंडरांना हे थोडे बदलून सांगता आले असते. काही गाळता आले असते. ते त्यांनी केले नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अटकळ न घालता, जसे होते तसे तिकडचे इकडे केले.

बाइंडरीणबाई फोनच्या जवळ आल्या. त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "त्यांना सांगा, मी जागी होते. दुपार होती. मी दारातच उभी होते."

बाइंडरांनी तोंड उघडले. मग म्हणाले, "शी वॉज अवेक." आणि पुढचे त्यांना सांगता आले नाही.

त्यानंतर

लेक तर गेली. फोन पुन्हा रविवारी येऊ लागले, कधी येतात, कधी नाही. तिघांनाही एकमेकांशी बोलणे जड जाते. जावई बोलतो ते थांबून थांबून. बाइंडर दर दोन वाक्यांनी म्हणतात, समजले नाही, पुन्हा सांगा. पूर्वीसारखे हसायला कोणी नसते.

मी आता म्हातारी झाले. पानावर पडलेला पाण्याचा डाग पसरत पसरत एकशे तीसपर्यंत गेला आहे. स्वल्पविरामाला त्या पानाची हकिकत कळली तेव्हापासून तो लाल पेन्सिल दुकानाबाहेरच ठेवून येतो. तसे करू नकोस, असे त्याला सांगावेसे वाटते, पण मला बोलता येत नाही, मला फक्त ऐकता येते.

मित्रांनो, इतर वह्या तुम्हाला सांगतील की आम्हाला नीट जपा, पाने दुमडू नका, शाई सांडू नका. माझे काय व्हायचे ते होऊन गेले. मला तुम्हाला एवढेच सांगायचे आहे की दुसऱ्याची भाषा शिकाल तेव्हा सोपी वाटणारी वाक्येसुद्धा कोणाला तरी विचारून घ्या. कळले नाही, असे म्हणायची लाज वाटू देऊ नका. आणि तुम्हाला ती भाषा येत असेल, समोरचा माणूस नुसता "येस, येस" म्हणत असेल, तर एवढ्यात फोन ठेवू नका. दुसऱ्या शब्दांत, सोप्या शब्दांत, पुन्हा एकदा सांगा. त्याच्यामागे दारात कोणीतरी हात पुसत उभे असेल.